बांगडी छाप

आमच्या पारनेर भागात एक शब्द रूढ आहे. एखादी गोष्ट ढिली, कामचलाऊ, दोन दिवसांत खिळखिळी होणारी असली की तिला ‘बांगडी छाप’ म्हणतात. दार बांगडी छाप असतं, पाण्याची मोटार असते, एखाद्याचा जावईसुद्धा असतो. मध्यंतरी नातवाची मोटारसायकल घेऊन गॅरेजात गेलो होतो. तिथला पोरगा मागचं चाक हलवून म्हणाला, “आजोबा, आधी कोनी केलंय हे बांगडी छाप काम?”

मी त्याला विचारलं, हा शब्द आला कुठून?

“जुनी म्हन हाय,” तो म्हणाला. “माझा बाप पन म्हनायचा.”

म्हण जुनी आहे खरी, पण तिचा कर्ता अजून जिवंत आहे. ती मी केली. आणि जिच्यावरून केली, त्या बाईनं बांधलेलं एकही चाक ढिलं झाल्याचं माझ्या माहितीत नाही. शब्द राहिला, बाई विसरली गेली आणि लोकांच्या तोंडी उरलं ते नेमकं उलटं. ते सरळ करायला माझ्याशिवाय आता कोणी शिल्लक नाही, म्हणून लिहितो आहे. पण माझी गोष्ट थोडक्यात आटपेन. सांगण्यासारखी होती ती गयाबाई.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचे ते दिवस. मी तालुक्याच्या एका कचेरीत नवा कारकून होतो. खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या लोकांसाठी कचेरीत जुन्या, जड, उंच सायकली होत्या. आधीच्या अमदानीतल्या. त्या चालत्या ठेवायचं काम सगळ्यात धाकटा म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि त्यासाठी मी तात्याच्या दुकानात जायचो.

तात्याचं दुकान म्हणजे पुढे पत्र्याची पडवी, मागे राहायची खोली आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. वर पाटी होती, ‘येथे सायकली ओव्हरऑईल करून मिळतील.’ मूळ शब्द ओव्हरहॉल. पण आमच्याकडे सगळे ओव्हरऑईलच म्हणत, आणि त्यामुळे अर्ध्या गिऱ्हाइकांना वाटे की सायकलीला वरून तेल घालून देतात. मग तात्या समजावून सांगे, की समदं उसकटायचं, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, चाकाच्या तारा सोडून नव्यानं बांधायच्या. “दिवाळीची साफसफाई आसती ना, तसं.”

तात्या बोलायला गोड. पण चाक बांधायला आलं की तो ते कानाशी धरी, दोन तारा बोटानं छेडी, मान हलवी आणि म्हणे, “उद्या या.” समोर कधी बांधत नसे. कुणी कारण विचारलं तर सांगे, “चाकाला नजर लागती. बांदताना कोनी बघितलं की आउट ऱ्हातो.” फिरताना चाक जिथं डावी-उजवीकडे डुलतं, तो त्याचा आउट. तारा कमी-जास्त ताणून तो काढायचा असतो. नजरेचं हे कारण सगळ्यांना पटलं होतं. दुभत्या गाईला नजर लागते हे ज्यांना मान्य, त्यांना चाकाचं पटायला काय हरकत होती?

काम घ्यायचं की नाही हेही तात्या चटकन सांगत नसे. चाक हातात घेऊन तो जरा थांबे. आतून खोकला ऐकू आला की ‘ठेवा’ म्हणे. आत भांडं वाजलं की ‘न्हाई व्हायचं’ म्हणे. ही गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली.

एका उन्हाळ्यातल्या दुपारी गेलो तर तात्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. मला घाई होती. मी हाक मारत पडदा बाजूला केला. आत एका लाकडी ओंडक्यात सायकलीचा जुना चिमटा उलटा रोवलेला, त्यात चाक अडकवलेलं, आणि चाकापुढं तात्याची बायको, गयाबाई, एक पाय लांब करून बसलेली. हातात तारांची चावी. दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून फडक्यानं बांधलेल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात थांबवला नाही.

“पडदा सोडा भाऊसाहेब, माशा येत्यात.”

मी तसाच उभा.

“आता आलाच हाय तर आत या, न्हाईतर भाईर जा. उंबऱ्यात उभं राहू नका. उजेड अडतो.”

मी आत गेलो. तिनं आधी चाक पुरं केलं. मग चावी कमरेला खोचली आणि सांगितलं. तात्याच्या हातांना कंप सुटून काही वर्षं झाली होती. “पयलं पयलं मी नुसतं चाक धरायची. मग हात त्येंचं आन डोळं माजं. मग समदंच माजं.”

“मग लोकांना सांगत का नाही?”

ती हसली. हसली की तिचा आवाज पडवीपर्यंत जाई. “बाईनं बांदलेल्या चाकावर तुमचा साहेब बसंल व्हय? बाईनं थापलेली भाकर खात्यात, बाईनं शेंदलेलं पानी पित्यात, पन चाकावर बसायचं न्हाईत. पडतील म्हनं.” मग हसू गेलं. “कुनाजवळ बोलू नका भाऊसाहेब. दुकान ह्या चाकांवर हाय.”

“नाही बोलणार. आईची शपथ.”

“आईला कशाला मधी आनता?” ती म्हणाली. “नुसतं नका बोलू, म्हंजी झालं.”

त्यानंतर मी बऱ्याच दुपारी तिथं असायचो. कचेरीत मला कोणी विचारत नव्हतं, आणि गयामावशीच्या पडद्याआड बसलं की वेळ कसा जाई कळत नसे. तिला बोलायला माणूस हवं असायचं. तात्या बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलून संपायचा, त्यामुळे घरात मुकाच.

ती मूळची घोडेगावकडची, सुताराच्या घरची. तिकडच्या बाजाराला बैलगाड्या येत, त्यांची चाकं तिचा बाप दुरुस्त करी. लहानपणापासून ती चाकं पाहत आलेली. पण सायकलीचं चाक आणि गाडीचं चाक ह्या दोन निराळ्या जाती आहेत असं तिचं म्हणणं. “गाडीचा आरा रेटतो, सायकलची तार वढती. माज्या बापाचं चाक जोर लावून उभं, माजं चाक वढून उभं.” हे ती नम्रपणे सांगत नसे. नम्रपणा तिच्या अंगात नव्हताच. एखादं चाक मनासारखं झालं की मला म्हणे, “नगरात दाखवा आसं बांदनारा. पुण्यात दाखवा.” मी पुणं पाहिलेलं नाही, असं सांगितल्यावर म्हणाली, “मी तरी कुटं बघितलंय? पन न्हाई तिथं.”

तारांशी ती मोठ्यानं भांडे. चाकाच्या एका बाजूच्या तारा सासरच्या, दुसऱ्या बाजूच्या माहेरच्या. त्यात एखादी ऐकेनाशी झाली की ती नणंद. “किती वढशील गं, सगळं घर तुज्याकडंच पायजे का? सोड जरा.” चावीचा पाव वळसा. चाक फिरवून पाही. “आता ही फुगून बसली.” तिला मी एकदा म्हटलं, मावशी, सगळ्या तारा सारख्या ताणल्या की झालं ना? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी लग्न न झालेला माणूस आहे हे त्यात आलं.

“चाक म्हंजी भावकी हाय भाऊसाहेब. ज्यो त्यो आपल्याकडंच वढनार. त्येला काय इलाज न्हाई. पन समद्यांनी वढलं तरच चाक सरळ. येकानं हात सोडला, की शेजारचा तुटतो.”

काम करताना बांगड्या काढून का ठेवत नाहीस, असंही मी एकदा विचारलं होतं. काच चावीवर आपटे, कधी कधी फुटे. ती रागावली. “धनी जिवंत हाय माजा. मोकळ्या हातानं काम करू? आसलं काम नगं मला.” फुटलेल्या बांगडीचे तुकडे ती एकेक वेचून कोनाड्यातल्या वाटीत टाकी. आणि रिमवर रबरी पट्टी बसवण्याआधी तर्जनी रिमच्या आतून सबंध एकदा फिरवी. एखाद्या तारेचं टोक वर आलंय का, कचरा-काच आहे का हे बोटाला कळे. कितीही घाई असो, बोट फिरवल्याशिवाय पट्टी नाही. पोराच्या तोंडातून घास पुसावा तसं ते बोट फिरे.

चाक झालं की परीक्षा. सायकल उलटी करायची, चाकाला हलकी टिचकी द्यायची आणि बघत राहायचं. चाक फिरून फिरून मंद होई, हवा भरायच्या वॉलच्या वजनानं तो भाग खाली येई, आणि मग लगेच न थांबता चाक एकदा इकडं, एकदा तिकडं झुले. “पाळणा हलला,” ती म्हणे. पाळणा हलल्याशिवाय चाक बाहेर जायचं नाही. त्या घरात दुसरा पाळणा नव्हता. ती हे सहज म्हणे, आणि मीही कधी त्यात काही शोधलं नाही.

एका लग्नातली गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, फक्त खरं माणूस वगळून. मुलीच्या बापानं नवरदेवाला द्यायला जुनी सायकल घेतली होती. नवरदेव रुसला. भंगारावर बसून मी वरातीला जाणार नाही म्हणाला. बाप सायकल घेऊन तात्याकडं आला आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाकांची अवस्था पाहून तात्या ‘न्हाई’ म्हणणार, तेवढ्यात आत खोकला झाला. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या दिवशी नवरदेव स्वतः दोन मित्रांना घेऊन तपासायला आला. तात्यानं सायकल उलटी केली, चाकाला टिचकी दिली. नवरदेव हाताची घडी घालून उभा. मित्रांनी चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले, चाक फिरतंच होतं. तेव्हा पडद्यामागून आवाज आला.

“पाव्हनं, थांबंस्तवर थांबनार आसाल तर मुहूर्त टळंल.”

मित्र हसत सुटले. नवरदेवानं तीच सायकल घेतली आणि पुढे कैक वर्षं वापरली. लोक म्हणाले, तात्याचं चाक लई भारी, पण बायको फार तोंडाळ.

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, घरोघरी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी दिसू लागल्या. जागोजागी रस्त्यांची आणि खडी फोडण्याची कामं निघाली. देखरेख करणाऱ्यांना सायकलशिवाय गत्यंतर नव्हतं, त्यामुळे कचेरीच्या सायकली सतत बाहेर. बाकी गिऱ्हाइकं नाहीशी झाली होती. कुणाच्या हातात काय होतं? तात्याचं दुकान आता फक्त आमच्या कचेरीवर तगून होतं, आणि गयामावशीला ते पक्कं ठाऊक होतं. “तुमचं साहेब हायेत तवर आमी हाये,” ती म्हणायची.

त्याच सुमारास एक दिवस चाक ताणताना तिची बांगडी फुटली. ती तुकडे वेचू लागली. माझी धाकटी बहीण बांगड्यांच्या काचा गोळा करायची, त्यांनी खेळायची. मी एक हिरवा तुकडा मागून घेतला आणि खिशात टाकला. बहिणीला द्यायचा राहूनच गेला.

पुढच्या आठवड्यात मला सुप्याकडच्या कामावरून मजुरांच्या हजेरीचे कागद सकाळी आणायचे होते. नवीन साहेब आले होते, माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. येताना टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला. तो मी स्वतः उपटला आणि रस्त्याकडेला फेकला. हा काटा मला आजही दिसतो. पंक्चरचं सामान जवळ नव्हतं. सायकल ढकलत पोचलो तेव्हा दुपार टळली होती.

साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. “तुमचं एक तरी काम वेळेवर झालंय का? घरून पाळण्यात घालून आणायचं का तुम्हाला?” आजूबाजूचे खाली बघून हसत होते. माझा हात खिशात गेला, आणि बोटांना तो तुकडा लागला.

“साहेब, माझा काय दोष? चाकात हे निघालं.”

“हे काय?”

“बांगडी. आपल्या कचेरीची चाकं तात्या बांधत नाही, त्याची बायको बांधते. बांगडी छाप चाकं आहेत साहेब ही.”

साहेब हसले. मग सगळेच. आमचे हेडक्लार्क चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, “तरीच. बांगड्या भरलेल्या हातानं दुसरं काय व्हायचं?” मला त्या दिवशी कोणी पुढं काही बोललं नाही. उलट दोघांनी चहा पाजला. आजवर कचेरीत मी कुणाला हसवलं नव्हतं.

हसणं संध्याकाळी संपलं. शब्द संपला नाही. आठवडाभरात कचेरीच्या सायकली स्टँडवरच्या दुकानात जाऊ लागल्या. कुणाची हवा गेली, कुणाची साखळी पडली, कुणी स्वतः उतारावर घसरला, तरी बोलणं एकच, बांगडी छाप. स्टँडवरच्या दुकानातून आलेली चाकं पंधरवड्यात डुलू लागली, त्यांनाही लोक बांगडी छापच म्हणू लागले. बाजारच्या दिवशी टवाळ पोरं तात्याला विचारीत, “तात्या, आज कोन बसलंय कामाला, तुमी का काकू?” तात्या गोड हसे. ते हसू मी लांबून पाहिलं आहे. दुकानाकडे मी फिरकलो नाही. एकदा रस्त्यात त्यानंच मला थांबवलं. “भाऊसाहेब, येत न्हाई आलीकडं? मावशी इचारती.” नमस्काराला जोडलेले त्याचे हात कापत होते. ते नेहमीच कापत, असं मी स्वतःला सांगितलं.

काही महिन्यांत दुकान बंद झालं. पुढे ती दोघं घोडेगावला तिच्या भावाकडे गेली असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

पण घोडेगावला जाण्याआधी ती मला एकदा दिसली. तेच शेवटचं. सुप्याच्या वाटेवर खडी फोडण्याचं काम चालू होतं. बाया रांगेनं बसल्या होत्या. मी मान खाली घालून पुढे निघालो होतो.

“थांबा भाऊसाहेब. मागलं चाक नाचतंय.”

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. ती उठली. हातातली हातोडी खाली ठेवली, दगड धरायला घेतलेलं जुन्या टायरचं कडं तिथंच टाकलं आणि माझ्यासमोर आली. तोंडावर, पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी.

“कोनी बांदलं हे?”

“स्टँडवर.”

“दिसतंयच.”

तिनं सायकल उलटी केली. कमरेला चावी होती. ती तिथं कशासाठी ठेवली होती कोण जाणे. रस्त्यातच बसून ती तारा चाचपू लागली. बाया हात थांबवून पाहू लागल्या.

“आगं गया, ही गं काय इद्या तुजी?” एकीनं विचारलं.

दुसरी म्हणाली, “तुला ठावं न्हाई? हीच ती बांगडी छाप.”

सगळ्या हसल्या. गयामावशीही हसली, तशीच मोठ्यानं. “व्हय गं, मीच ती. छापच पडली, आता काय खोडून निघती?”

मग फक्त चावीचा आवाज. मी वाकून, हळू आवाजात म्हणालो, “मावशी, त्या दिवशी चाकात...”

तिची नजर रिमवरून हलली नाही. “माज्या चाकात काच न्हवती भाऊसाहेब. बोट फिरवल्याबिगर मी पट्टी बसवत न्हाई. तुमी बघितलंय.”

एवढंच. तो प्रश्न नव्हता, तक्रारही नव्हती. तारेचं माप सांगावं तसं सांगितलं. बाया ऐकत होत्या. ‘ही खरं बोलते आहे, चाकात काटा होता,’ एवढं त्यांच्यासमोर म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत ते चार गावांत गेलं असतं. जसा तो शब्द गेला होता. मी चाकाकडे बघत राहिलो.

आणि तेव्हा तिचे हात मला दिसले. हिरवी काच नव्हती. दोन्ही मनगटांत सायकलीच्या तारा वाकवून, टोकं एकमेकांत अडकवून केलेल्या बांगड्या होत्या. मी पाहतोय हे तिला कळलं.

“खडीला काच टिकत न्हाई,” ती म्हणाली. “आन मोकळा हात धरवत न्हाई. मग ह्येंनी वाकवून दिल्या. गोल न्हाईत तितक्या, हात हलतो त्येंचा.” तिनं एक बांगडी फिरवून पाहिली. “पन फुटायच्या न्हाईत.”

चाकाला तिनं टिचकी दिली. मुकादमानं हाक मारली, तशी ती चावी खोचून आपल्या ढिगाकडे गेली. चाक बराच वेळ फिरत राहिलं. मग मंद झालं, वॉल खाली आला, चाक एकदा इकडं झुललं, एकदा तिकडं. ते बघायला ती थांबली नव्हती. पाठमोरी बसून तिनं हातोडी उचलली होती, आणि प्रत्येक घावाला तारेच्या त्या बांगड्या वाजत होत्या, काचेपेक्षा जाड आवाजात.